विमानप्रवास, चित्रपट आणि वाढत्या वयाचे मूल

१९०५ साली तिरुचिरापल्ली येथे रेल्वेच्या नोकरीत असलेल्या सामिकण्णु व्हिन्सेंट या तरुणाने द्युपाँ नावाच्या एका फिरत्या फ्रेंच प्रदर्शकाकडून चित्रपट दाखविण्याचे यंत्र आणि काही चित्रफिती विकत घेतल्या आणि तंबू ठोकून गावोगाव खेळ दाखविण्यास प्रारंभ केला. दक्षिण भारतातील फिरत्या चित्रपटगृहांचा इतिहास सांगताना त्याचे नाव आरंभीच घ्यावे लागते. तंबूतील त्या खेळाचे एक वैशिष्ट्य असे की पडदा एकच असे. जे दिसे ते थोरामोठ्यांना आणि पोराबाळांना एकाच वेळी दिसे. हसू आले तर सारा तंबू हसे, आणि भयप्रद दृश्य आले तर मुलाला आईचा पदर हाताशी सापडे.

आज त्याच तिरुचिरापल्लीच्या विमानतळावरून सिंगापूर, क्वालालंपूर, दुबई येथे थेट विमाने जातात. सुमारे शंभर किलोमीटरवरील कुंभकोणम या नगरीला स्वतःचा विमानतळ नाही, त्यामुळे परदेशी नोकरीस असलेल्या आप्तांकडे निघालेली तेथील कुटुंबे बहुधा याच मार्गाने जातात. त्यांच्याबरोबरच्या दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या मांडीवर आता स्वतःचा पडदा असतो आणि कानांवर हेडफोन असतात. शेजारच्या आसनावर बसलेल्या आईलाही तो काय ऐकतो हे कळत नाही. तंबूतील खेळात चित्रपटाची निवड खेळवाला करीत असे आणि धीर देण्याचे काम शेजारी बसलेली माणसे करीत. विमानात ही दोन्ही कामे पालकांना प्रवासापूर्वीच करून ठेवावी लागतात. ती कशी करावीत याचा विचार या प्रकरणात केला आहे.

एका पडद्याकडून अनेक पडद्यांकडे

आकाशात चित्रपट दाखविण्याची कल्पना विमानवाहतुकीइतकीच जुनी आहे. १९२१ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरावरून उडणाऱ्या एका विमानात प्रवाशांना एक लघुपट दाखविण्यात आला. १९२५ मध्ये ब्रिटनच्या इंपीरियल एअरवेज या कंपनीने 'द लॉस्ट वर्ल्ड' हा मूकपट विमानात दाखविला. नियमितपणे चित्रपट दाखविण्याची प्रथा मात्र १९६१ मध्ये ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स या अमेरिकन कंपनीने सुरू केली. पुढील जवळजवळ तीस वर्षे विमानातील पडदा तंबूतील पडद्यासारखाच सामाईक राहिला. १९८८ मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने आसनांच्या पाठीस लहान पडदे बसवून पाहिले आणि तेथून प्रत्येक प्रवाशाचा पडदा वेगळा होऊ लागला.

या बदलाचा परिणाम प्रौढांपेक्षा मुलांवर अधिक झाला. सामाईक पडद्यावर कोणता चित्रपट लावावा याचा विचार करताना विमानकंपनीला सर्व वयांचे प्रवासी डोळ्यांपुढे ठेवावे लागत. वेगळ्या पडद्यावर शेकडो चित्रपटांची यादी येते आणि निवडीचा भार प्रवाशावर पडतो. तो प्रवासी अकरा वर्षांचा असला, तर भार अकरा वर्षांच्या खांद्यावर पडतो.

कुंभकोणमच्या प्रवाशाने येथे एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात घ्यावी. कमी भाडे आकारणाऱ्या कंपन्यांच्या बहुतेक विमानांत आसनामागे पडदा नसतो, आणि तिरुचिरापल्लीहून सुटणारी अनेक विमाने अशाच कंपन्यांची आहेत. तेव्हा चित्रपट पाहावयाचा असेल तर तो घरीच टॅब्लेटमध्ये किंवा मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा लागतो. वरकरणी ही गैरसोय वाटते; परंतु पालकांच्या दृष्टीने ती सोय आहे. शेकडो चित्रपटांच्या यादीपुढे मुलाला बसविण्याऐवजी दोन-तीन चित्रपट विचारपूर्वक निवडण्याची संधी तिच्यामुळे मिळते. चेन्नईहून युरोपकडे जाणाऱ्या मोठ्या विमानांत आसनामागे पडदे असतात, तेथेही हीच पद्धत उपयोगी पडते: घरून नेलेले चित्रपट प्रथम आणि विमानातील यादी त्यानंतर.

दहा ते बारा वर्षांचे मन

या वयातील मूल बालक राहिलेले नसते आणि किशोरही झालेले नसते. ससा-कासवाच्या गोष्टी त्याला पोरकट वाटू लागतात. प्रौढांच्या कथांतील हेतू मात्र त्याला पुरते उलगडत नाहीत. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्या मांडणीप्रमाणे साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी मूल प्रत्यक्ष वस्तूंपलीकडे जाऊन 'असे झाले असते तर' या प्रकारचा विचार करू लागते. चित्रपटाचा आनंद वाढतो तो यामुळेच, आणि चित्रपटाची भीती बदलते तीही यामुळेच.

मुलांच्या भीतीचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधक जोअॅन कँटर यांनी हा बदल नेमका दाखविला आहे. लहान मूल राक्षसाच्या विद्रूप चेहऱ्याला भिते, मग तो राक्षस कितीही खोटा असो. मोठे होऊ लागलेले मूल खोट्या राक्षसाला हसते. पण अपघात, अपहरण, आईवडिलांचे आजारपण यांसारख्या खरोखर घडू शकणाऱ्या गोष्टी त्याला अस्वस्थ करतात. म्हणून 'त्यात भूतबीत काही नाही' एवढ्यावरून अकरा वर्षांच्या मुलासाठी चित्रपट निर्धोक ठरत नाही. पुष्कळदा भुताचा चित्रपट त्याला मजेत पाहता येतो, आणि एखाद्या साध्या कौटुंबिक चित्रपटातील रुग्णालयाचे दृश्य त्याच्या मनात घर करून राहते.

या वयाचे महत्त्व ओळखणारे एक मोठे गृहस्थ कुंभकोणम येथेच जन्मले होते. राजा सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये तेथील एका तंजावरी मराठी कुटुंबात झाला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद त्यांनी भूषविले. १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक आलेले सयाजीराव गायकवाड अवघे बारा वर्षांचे होते आणि राज्याचा कारभार माधवराव पाहत होते. बालराजाचे शिक्षण याच काळात सुरू झाले. ते वयात येत असताना, १८८१ मध्ये, माधवरावांनी राज्यकारभाराविषयी त्यांच्यापुढे व्याख्याने दिली. उत्तर आयुष्यात त्यांनी मुलांच्या संगोपनाविषयी पालकांसाठी एक इंग्रजी पुस्तिकाही लिहिली. या क्रमातून पालकांना एक धडा घेता येतो. प्रथम वडिलधाऱ्यांनी व्यवस्था करावी, आणि मूल मोठे होत जाईल तसतसे त्या व्यवस्थेमागील कारण त्याला समजावून सांगावे. राजपुत्राच्या शिक्षणाला जे लागू पडते, ते चित्रपटाच्या निवडीलाही लागू पडते.

प्रमाणपत्र काय सांगते आणि काय सांगत नाही

भारतात १९५२ च्या चलच्चित्र अधिनियमानुसार सार्वजनिक प्रदर्शनासाठीच्या चित्रपटाला प्रमाणपत्र घ्यावे लागते. सर्वांसाठी 'यू', पालकांच्या मार्गदर्शनाखाली 'यू/ए' आणि केवळ प्रौढांसाठी 'ए' ही त्यांतील नेहमी दिसणारी अक्षरे. पूर्वी 'यू/ए' हा एकच सरसकट वर्ग होता. २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पे करण्यात आले. घरबसल्या चित्रपट पुरविणाऱ्या सेवांना २०२१ च्या नियमांनुसार असेच टप्पे लागू आहेत, आणि तेरा वर्षांवरील टप्प्यांच्या चित्रपटांना पालकांनी कुलूप लावण्याची सोय ठेवणे त्यांना बंधनकारक आहे. अकरा वर्षांच्या मुलासाठी 'यू' आणि 'यू/ए सात' हे दोन वर्ग सामान्यतः पुरेसे आहेत.

परदेशी विमानात अक्षरे बदलतात. अमेरिकेत 'पीजी-१३' हा वर्ग १९८४ पासून आहे. ब्रिटनमध्ये बारा, पंधरा, अठरा असे आकडे असतात. सिंगापूरची पद्धत आणखी वेगळी आहे. एका देशात जे मुलांना चालते, ते दुसऱ्या देशात चालेलच असे नाही. म्हणून अक्षरापेक्षा त्याखाली छापलेली कारणे वाचणे अधिक उपयोगाचे असते. हिंसा, भीतिदायक दृश्ये, असभ्य भाषा, मादक द्रव्ये यांपैकी कशामुळे तो वर्ग दिला गेला, हे कळले म्हणजे पालकाला स्वतःच्या मुलाचा स्वभाव जमेस धरून निर्णय घेता येतो.

तथापि प्रमाणपत्राची मर्यादा ओळखली पाहिजे. काय टाळावे हे ते सांगते. काय निवडावे हे सांगत नाही. आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' हा १९५३ चा चित्रपट घ्या. पहिल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्याला लाभले. मराठी मुलाने तो पाहावा याविषयी दुमत होणार नाही. परंतु शिक्षणासाठी आईपासून दूर जाण्यास निघालेल्या मुलाने आईच्या मृत्यूने संपणारा तो चित्रपट नेमका त्याच विमानात पाहावा काय? मणिरत्नम यांचा 'अंजली' हा १९९० चा तमिळ चित्रपटही असाच. त्यातील मुलांचा धुडगूस मुलांना अतिशय आवडतो, पण शेवट एका लहान मुलीच्या मृत्यूत होतो. हे चित्रपट घरी, दिवाणखान्यात, सर्वांनी मिळून पाहण्याचे आहेत. चित्रपट चांगला असणे आणि तो त्या प्रसंगाला साजेसा असणे या दोन निराळ्या गोष्टी होत.

प्रवास कोणत्या कारणाने आहे?

यावरून निवडीचा पहिला प्रश्न स्पष्ट होतो. विमानात बसण्याचे कारण काय? सुट्टीत मामाकडे निघालेल्या मुलाला कोणताही खेळकर चित्रपट पुरतो. परंतु कुंभकोणमसारख्या गावांतून होणारे कितीतरी प्रवास सहलीचे नसतात. वडील आखातात किंवा सिंगापूरला नोकरीस असतात, काही वर्षांनी कुटुंब त्यांच्याकडे जाते, आणि आजीआजोबा मागे राहतात. मुलाची शाळा, मित्र, कावेरीकाठची गल्ली हे सारे एका दिवसात सुटते. मोठ्यांच्या धांदलीत त्याच्याशी याविषयी कोणी फारसे बोललेले नसते.

अशा मुलासाठी अविनाश अरुण यांचा 'किल्ला' हा मराठी चित्रपट विचारात घेण्यासारखा आहे. वडिलांच्या निधनानंतर आईची बदली झाल्यामुळे पुण्याहून कोकणातील एका गावी आलेल्या अकरा वर्षांच्या चिन्मयची ही कथा आहे. नवे गाव त्याला आपले वाटत नाही. हळूहळू वाटू लागते. आणि तेव्हाच पुन्हा बदलीचा हुकूम येतो. २०१४ च्या बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला 'क्रिस्टल बेअर' हा पुरस्कार मिळाला, आणि तो देणारे परीक्षक मंडळ मुलांचेच होते. समवयस्कांनी पसंत केलेला चित्रपट म्हणून त्याचे मोल वेगळे आहे. मात्र ज्या मुलाने नुकतेच वडील गमावले आहेत, त्याच्यापुढे तो ठेवण्यापूर्वी पालकाने दोनदा विचार करावा.

दुसरा प्रश्न शेवटाचा. मुलाला दुःख दाखवू नये असे नाही. त्या दुःखातून कथा त्याला कोठवर नेऊन सोडते हे पाहावे. तिसरा प्रश्न विमानाचाच आहे: चित्रपट मध्येच थांबविता येईल काय? तिरुचिरापल्ली ते सिंगापूर हा प्रवास सुमारे चार तासांचा. त्यातून चढण्या-उतरण्याचा वेळ, जेवण आणि सूचना वजा केल्या, तर एक चित्रपट आणि फार तर एखादा लघुपट एवढेच बसते. अल्बेर लामोरीस यांचा 'लाल फुगा' हा १९५६ चा फ्रेंच लघुपट अवघ्या ३४ मिनिटांचा आहे आणि त्यात संवाद जवळजवळ नाहीतच. अर्ध्यावर तुटलेला भीतिदायक प्रसंग मुलाच्या मनात अर्धवटच राहतो, म्हणून रहस्यकथा लहान प्रवासात टाळलेल्या बऱ्या.

भाषेचा प्रश्न

कुंभकोणमच्या मराठी कुटुंबांपुढे आणखी एक प्रश्न असतो, जो मुंबई-पुण्याच्या कुटुंबांना सहसा पडत नाही. व्यंकोजी भोसले यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला मराठी राज्य स्थापिले. ते १८५५ पर्यंत टिकले. राज्य गेले, पण कावेरीच्या खोऱ्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची घरगुती भाषा राहिली. ती आज तमिळ शब्दांनी आणि उच्चारांनी पुष्कळ बदललेली आहे, आणि ती बोलणाऱ्या अनेकांना देवनागरीपेक्षा तमिळ लिपी जवळची वाटते. मूल घरी तंजावरी मराठी, गल्लीत तमिळ आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत वावरते. सिंगापूरला तमिळ ही चार अधिकृत भाषांपैकी एक आहे, त्यामुळे ती तेथे शाळेतही भेटते. घरची मराठी मात्र तेथे घरापुरतीच राहते. मूल जी भाषा केवळ रागावताना आणि जेवायला बोलावताना ऐकते, ती त्याला आवडीची वाटणे कठीण असते. तीच भाषा समवयस्क मुलांच्या तोंडी, खोड्या करताना आणि स्वप्ने रंगविताना ऐकली, तर तिचे रूप पालटते. एका चित्रपटाने भाषा टिकत नाही हे खरे. पण ती टिकावी असे मुलाला वाटू लागण्यास एक चित्रपट निमित्त होऊ शकतो.

या दृष्टीने एक सुंदर जोडी उपलब्ध आहे. २०१४ या वर्षाच्या बासष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा मान एका तमिळ आणि एका मराठी चित्रपटाला विभागून देण्यात आला. एम. मणिकंडन यांचा 'काक्का मुट्टै' आणि परेश मोकाशी यांचा 'एलिझाबेथ एकादशी' हे ते दोन चित्रपट. पहिल्यात चेन्नईच्या झोपडपट्टीतील दोन भावांना पिझ्झा खाऊन पाहण्याची ओढ लागते. दुसऱ्यात पंढरपूरची दोन भावंडे वडिलांनी बनविलेली सायकल विकावी लागू नये म्हणून एकादशीच्या यात्रेत बांगड्या विकून पैसे जमवू पाहतात. दोन्ही घरांत पैशाची चणचण आहे, दोन्ही घरांचा भार आईवर आहे, आणि दोन्हीकडे आजी आहे. महामहमच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या कुंभकोणमच्या मुलाला पंढरपूरची गर्दी, देवळाभोवतीची दुकाने आणि उत्सवाच्या दिवसांतील कमाई परकी वाटणार नाही. संवादांतील काही शब्द त्याला अनोळखी असतील, तेथे इंग्रजी उपशीर्षके साहाय्य करतील.

'काक्का मुट्टै' निवडताना एक सूचना आवश्यक आहे. त्यातील आजीचा मृत्यू होतो. आजीला मागे ठेवून निघालेल्या मुलाला हे आधी सांगून ठेवावे. कथेचे मर्म सांगितल्याने रस जातो अशी समजूत आहे. परंतु धक्का बसू नये एवढे सांगितल्याने रस जात नाही, उलट मूल निश्चिंतपणे पाहू शकते.

या दोन चित्रपटांच्या मागे बालचित्रपटांची एक जुनी परंपरा आहे. भारत सरकारने १९५५ मध्ये बालचित्रपट संस्था स्थापन केली आणि केदार शर्मा दिग्दर्शित 'जलदीप' हा तिचा पहिला चित्रपट ठरला. संतोष शिवन यांचा 'हॅलो' हा हरवलेल्या कुत्र्याच्या पिल्लाचा शोध घेणाऱ्या मुलीचा चित्रपट याच संस्थेचा. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

कान, डोळे आणि झोप

विमानातील काही शारीरिक बाबीही निवडीशी निगडित आहेत. उड्डाणात आतील आवाज साधारण ८० ते ८५ डेसिबल असतो. त्यावर मात करण्यासाठी मूल हेडफोनचा आवाज वाढवीत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांनी ७५ डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये, आणि आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने घटते. तेव्हा कान पूर्ण झाकणारे हेडफोन द्यावेत, आवाजाची मर्यादा घरीच ठरवून टाकावी, आणि कुजबुजत्या संवादांचा चित्रपट विमानासाठी निवडू नये. उपशीर्षके लावल्यास आवाज कमी ठेवता येतो.

विमान उतरू लागले की हवेच्या दाबातील फरकामुळे कानांत दडे बसतात. त्या वेळी मुलाने जागे राहून अधूनमधून गिळत राहावे हे बरे. म्हणून उतरण्यापूर्वी अर्धा तास पडदा बंद करावा. कर्मचारी सूचना देत असताना हेडफोन काढण्याची सवय पहिल्या प्रवासापासूनच लावावी. रात्रीच्या प्रवासात सर्वांत उत्तम चित्रपट म्हणजे झोप, हेही विसरू नये.

निवड कोणी करावी?

पालकाने चार-पाच चित्रपटांची यादी करावी आणि त्यांतील जे आपण पाहिलेले नाहीत ते आधी पाहून घ्यावेत. सर्व पाहणे शक्य नसेल तर निदान शेवटची वीस मिनिटे पाहावीत, कारण मुलासोबत विमानातून खाली उतरतो तो शेवटच. मग ती यादी मुलापुढे ठेवून त्यातील दोन त्याला निवडू द्यावेत. त्याने यादीबाहेरचे एखादे नाव सुचविले, तर नकार देण्यापूर्वी ते का हवे हे विचारावे. बहुधा शाळेतील सगळ्यांनी तो पाहिलेला असतो आणि आपण मागे पडू ही त्याची भीती असते. त्या भीतीची टवाळी करू नये. नकार द्यायचाच असेल तर कारणासह द्यावा.

शक्य असेल तर एक चित्रपट दोघांनी मिळून पाहावा. एकाच यंत्राला दोन हेडफोन जोडण्याची सोय असते. ते न जमल्यास मुलाने पाहिलेला चित्रपट पालकाने नंतर पाहावा. 'आवडला का?' या प्रश्नाला 'हो' एवढेच उत्तर येते. 'त्या मुलाच्या जागी तू असतास तर सायकल विकू दिली असतीस का?' असे विचारले तर मूल बोलू लागते. आणि बोलता बोलता नव्या शाळेविषयी, मागे राहिलेल्या आजीविषयी, आपल्याला वाटणाऱ्या धास्तीविषयीही बोलते. पुष्कळ मुले स्वतःचे दुःख थेट सांगू शकत नाहीत, पण चिन्मयचे किंवा झोपडपट्टीतील त्या भावांचे दुःख सांगू शकतात. ऐकणाऱ्याने ते कोणाचे आहे हे ओळखावे आणि ओळखल्याचे दाखवू नये. मूल पुढे बोलत राहते ते अशा श्रोत्यापाशीच.